सात, आठ, साठ

अंकल कुणाकडूनही तोंडी आकडा घेत नसत. त्यांच्या टेबलावर लाकडी चौकटीची दगडी पाटी असायची, पहिलीतल्या पोराची असते तशी, आणि तिच्या कडेला पेन्सिलीचे पाच-सहा तुकडे. आकड्याचा विषय निघाला की ते पाटी पुढे सरकवत. साकीनाक्याच्या कारखान्यात कॉम्प्रेसरचा आवाज किती भरला? पाटीवर. मीटर भिंतीपासून किती लांब ठेवलास? पाटीवर. माझ्या वाढदिवसाला मी पेढे घेऊन गेले, तर “कितवा गो?” म्हणत पाटी आलीच. मी पंचवीस लिहिलं, त्यांनी ते वाचलं, मान डोलावली आणि मग पेढा उचलला.

“बोललेला आकडा हवेत जातो, बाय. लिहिलेला जाग्यावर राहतो,” असं ते म्हणायचे. आम्हाला हे फार शास्त्रीय वाटायचं. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही ते कौतुकाने सांगायचो.

पाटीचा एकच त्रास होता. पेन्सिल जरा उभी धरली गेली की ती अशी किंचाळायची की दातांतून कळ जायची. मी खांदे आक्रसून घ्यायचे, शेजारच्या टेबलावरचा गणेश कानांत बोटं घालायचा. अंकल मात्र ढिम्म. याला आम्ही त्यांच्या मनाचा निग्रह समजायचो. माणूस एकदा मोठा ठरवला की त्याचं शिंकणंही आपल्याला थोर वाटतं, त्यातलाच प्रकार.

आमचं ऑफिस मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर होतं. काम आवाज मोजायचं. कारखाने, हॉटेलं, बांधकामं, सोसायट्या, ज्याला कागद हवा असेल त्याच्याकडे मीटर घेऊन जायचं, मोजायचं आणि अहवाल द्यायचा. आणि आमच्या बरोब्बर खाली पत्रे कापायचं वर्कशॉप होतं. त्यामुळे आवाज मोजणारे आम्ही दिवसभर एकमेकांशी ओरडूनच बोलायचो. मालकांनी दोनदा चांगली शांत जागा बघितली, आणि दोन्ही वेळा अंकलनी काहीतरी खुसपट काढून मोडता घातला. “इथे सगळे स्पष्ट बोलतात,” हे त्यांचं कारण. हे कारण खरं होतं, पण ते कसं खरं होतं ते कळायला मला तीन वर्षं लागली.

अंकल मरोळ गावठाणातलेच. पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती. घरात त्यांची गावठाणची जुनी मराठी, ऑफिसात आमची मुंबईची. त्यांच्या आजोबांचं भाताचं शेत आमच्या गाळ्याच्या जागी होतं असं ते सांगत, आणि तेही अशा सुरात, की आम्ही सगळे त्यांचे पोटभाडेकरू आहोत. तरुणपणी लग्नांच्या बँडमध्ये ते ट्रम्पेट वाजवायचे, मग एका कारखान्यात मोटारी तपासायचं काम, मग हे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात चार रंगीत पेन्सिली, आणि समोरचा बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडे असे टक लावून बघायचे की नवखा माणूस ओठ पुसून घ्यायचा. मीही पहिल्या दिवशी रुमाल काढला होता.

पहिल्यांदा एकटी मोजून परत आले, तेव्हा त्यांनी “किती?” असं विचारलंच नाही. विचारलं, “कोण होतं?”

“सुपरवायझर होते, सर.”

“सर शाळेत. इथे अंकल. आणि आवाजात कोण होतं, ते विचारतोय मी.”

मग त्यांनी मला मीटरच्या पडद्यावरचे खांब वाचायला शिकवलं. बी.एस्सी.ला मी हे पाठ करून मार्क मिळवले होते, पण वाचायला शिकले ते त्या पोटमाळ्यावर. आवाज आत आला की यंत्र त्याचे तुकडे करतं. जाड, खर्जातले सूर डावीकडे, बारीक, टिपेचे उजवीकडे. ज्या तुकड्यात जितका जोर, तितका त्याचा खांब उंच. ट्रकची घरघर डावीकडे उठते, कुकरची शिट्टी उजवीकडे. एका आख्ख्या सप्तकाला एकच खांब दिला, तर पडद्यावर नऊ खांब येतात. सप्तकाचे तीन भाग केले तर सत्तावीस. चोवीस भाग केले तर मोजायची सोय नाही. अंकल तीन भागांचे भक्त. त्याला ते ‘वन बाय थ्री’ म्हणत आणि घरचा माणूस असल्यासारखं त्याचं नाव घेत.

मी एकदा हुशारी दाखवायला चोवीस भागांतला आलेख छापून नेला. त्यांनी तो लांब धरून बघितला. “हे गवत झालं. गवतात म्हैस उभी असली तरी दिसायची नाही.” मग खिशातल्या पेन्सिली काढून त्यांनी त्याच मोजमापाचे सत्तावीस खांब हाताने काढले, सव्वीस निळे, एक लाल. ऑफिसात छपाईचं यंत्र होतं, पण दोषी खांब ते स्वतः रंगवत. “सगळं एकत्र बघितलं तर कोणी दिसत नाही, आणि फार चिरलं तरी दिसत नाही. कान पण साधारण तिनातच चिरतो, बाय. देवाला अक्कल होती.”

घाटकोपरच्या एका हॉलवाल्याला हे सगळं नको होतं. “मला एक आकडा द्या, बाकी खांब-बिंब तुमच्याकडे ठेवा,” तो म्हणाला. अंकलनी त्याला विचारलं, “तुमच्या घरात माणसं किती?” तो म्हणाला, पाच. “आणि डब्यातले लाडू कुणी खाल्ले ते या पाचवरून कसं कळणार?” हॉलवाल्याला ते पटलं नाही, पण लाडवांची आठवण होऊन तो हसला आणि खांबांसकट अहवाल घेऊन गेला.

सप्तकावरून आमचं एकदा चांगलं दोन दिवस भांडण झालं. एका सोसायटीला अहवाल मराठीत हवा होता. मी ‘ऑक्टेव्ह’ला ‘सप्तक’ लिहिलं. अंकल अडून बसले.

“सप्त म्हणजे सात ना? ऑक्टेव्ह म्हणजे आठ. एक कुठे ठेवलास?”

माझा मामा भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचा, त्याच्याजवळ बसून मी सूर शिकले होते. मी म्हणाले, “सा रे ग म प ध नी, सात झाले. पुढचा सा तोच पुन्हा येतो, त्याला दोनदा कशाला मोजायचं?”

“आम्ही बँडमध्ये आठ मोजायचो. आठवा वाजला की घरी पोचलो असं वाटायचं. सातव्यावर सोडलं तर नवरीचा बाप पण वळून बघायचा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनीच तह केला. “कुंपणाला खांब आठ असतात, मधल्या फटी सात. तुम्ही फटी मोजता, आम्ही खांब. लिही सप्तक.” पण त्या दोन दिवसांत एक गोष्ट मला खुपली होती. मी सात म्हणाले की ते विचारायचे, “काय म्हणालीस, सात की आठ?” आणि आठ म्हणाले तरी तेच. मला वाटलं, म्हातारा माझी फिरकी घेतोय. शेवटी मी वैतागून पाटीवर सात एवढा मोठा काढला की पाटी भरली.

आता नाहूरचं.

नाहूर स्टेशनजवळच्या एका सोसायटीत कदम बाई राहायच्या. पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, मुलगा ऐरोलीला. त्यांची तक्रार होती की झोपायच्या खोलीत सारखा एक ‘घूं’ येतो. पंखा बंद केला की येतो, उशीवर कान ठेवला की जास्त येतो. सेक्रेटरी होते सावंत. त्यांना काही ऐकू आलं नाही. शेजाऱ्यांना ऐकू आलं नाही. मुलाला तर नाहीच. तो दोन रविवार येऊन उशीवर डोकं ठेवून गेला आणि म्हणाला, “आई, तुझ्या कानात आहे ते.” मग सावंतांनी सोसायटीतर्फे आम्हाला बोलावलं. आवाज नाही असा कागद त्यांना हवा होता, पण हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या आठवड्यात अंकलच्या गावठाणात सण होता, ते सुटीवर होते. मी एकटी गेले, दुपारी खिडक्या लावून, पंखा बंद करून मोजलं. एकूण आकडा कायद्याच्या मर्यादेच्या बराच आत. सोसायटीच्या छापील फॉर्मवर नऊ रकाने होते, म्हणून मी मीटर आख्ख्या सप्तकावर ठेवला आणि नऊ खांब भरून दिले. एकही खांब वेडावाकडा नव्हता. सही केली, अहवाल पाठवला आणि विसरले.

दहा दिवसांनी कदम बाई मरोळला आल्या. बारीक अंगाच्या, सुती साडी, हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी माझा अहवाल काढला. त्याच्या चारी कोपऱ्यांना टाचणीची भोकं होती.

“हा सावंतांनी नोटीस बोर्डावर लावला होता,” त्या म्हणाल्या. “मी काढून आणला. मुलगा म्हणतो, घर विकू, माझ्याकडे चल. त्याआधी एका डॉक्टरांना दाखवू म्हणतो. कानाच्या नाही.”

पत्र्याच्या कापाकापीत त्यांचा बारीक आवाज कसाबसा पोचत होता. मग त्यांनी अहवाल टेबलावर पसरला. माझ्या मराठीतल्या दोन चुका त्यांनी लाल पेनाने सुधारल्या होत्या, ऱ्हस्व-दीर्घाच्या.

“मी चाळीस वर्षं प्रगतिपुस्तकं भरली, ताई. एकूण टक्क्यांत पास झालेलं पोर गणितात नापास असू शकतं. तुम्ही मला टक्के दिलेत. विषयवार गुण कुठे आहेत?”

अंकल खुर्चीतून उठले. अहवाल हातात घेऊन त्यांनी नऊ खांब बघितले आणि मग माझ्याकडे बघितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. “वन बाय थ्री नाही काढलंस,” एवढंच म्हणाले, आणि मला त्या क्षणी कळलं की एका बाईला वेडं ठरवणाऱ्या कागदावर माझी सही आहे. माझे कान तापले.

“केव्हापासून येतोय आवाज?” त्यांनी बाईंना विचारलं.

“सात महिने झाले.”

अंकलनी पाटीवर आठ लिहिलं.

बाईंनी पाटी ओढून घेतली, आठ पुसून सात लिहिलं आणि त्याच्याखाली एक रेघ मारली. पेन्सिल उभी होती, ती किंचाळली. मी खांदे आक्रसले, गणेशची बोटं कानांत गेली. अंकल अहवाल वाचत होते. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग तशीच, उभी पेन्सिल धरून, त्यांनी दुसरी रेघ मारली, पहिलीपेक्षा लांब आणि सावकाश. अंकलनी पान उलटलं. त्यांनी पाटी परत जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं नाहूरला गेलो. अंकलनी मीटर लावायच्या आधी चपला काढल्या, बाईंची परवानगी घेतली आणि पलंगावर आडवे होऊन उशीवर कान ठेवला. मिनिटभर तसेच पडून राहिले. “आहे,” ते म्हणाले. मी उशीवर डोकं ठेवलं तर मला काही येईना, थोडं काहीतरी असावं असं वाटलं, इतकंच. मग मीटर तीन भागांवर लावला आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. डावीकडे, शंभरच्या जागी, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांच्या, एक खांब उभा होता. त्याच्या दोन्ही बाजूचे शेजारी बुटके, आणि हा मध्ये एकटा. माझ्या नऊ खांबांत तो या शेजाऱ्यांबरोबर एकाच पोत्यात भरला गेला होता, त्यात बाहेरच्या रस्त्याची घरघर, म्हणून तो दिसला नव्हता.

शंभरचा सूर हा विजेचा. लोखंडी गाभ्याची वस्तू विजेवर चालत असली की ती गुणगुणते. आम्ही जिन्यात गेलो. लिफ्ट नवी केली तेव्हा सोसायटीने तिच्यासाठी कपाटाएवढा स्टॅबिलायझर आणून जिन्याच्या भिंतीला ठोकला होता, कुलूपबंद जाळीत. त्या भिंतीच्या पलीकडे बाईंच्या पलंगाची उशी होती.

घरात परत आल्यावर बाईंनी चहा ठेवला. अंकल खिडकीशी पाठमोरे उभे राहून पडद्यावरचे खांब उतरवून घेत होते. स्वयंपाकघराच्या दारातून बाईंनी विचारलं, “साखर किती?” उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. मग त्या त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“मागच्या बाकावरची काही मुलं अशीच माझ्या ओठांकडे बघायची,” त्या हळू म्हणाल्या. “मस्तीखोर म्हणून मार खायची. तुम्हाला ‘स’ ऐकू येत नाही ना?”

मला वाटलं, आता अंकल काहीतरी फटकळ बोलून विषय उडवतील. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. “नाही येत,” ते म्हणाले. “सात, आठ, साठ, मला तिन्ही सारखेच.”

मग मला पाटी कळली. तोंडाकडे बघणं कळलं, पोटमाळा कळला, जिथे सगळे ओरडून बोलतात. तीन वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसून आवाज मोजत होते. मला फार लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, इतक्या वर्षांत आपल्याला सांगितलं नाही म्हणून.

मरोळला परतल्यावर त्यांनी खालचा ड्रॉवर उघडून एक जुना कागद काढला. त्यावर त्यांचे स्वतःचे कान होते, हेडफोन लावून त्यांनीच मोजलेले, सत्तावीस खांबांत. डावीकडून मध्यापर्यंत सगळे निळे, भरलेले. दोन हजारच्या पुढे सगळे लाल, आणि शेवटचे तर जमिनीला टेकलेले.

“कोण गेलं ते माहीत आहे मला,” ते म्हणाले. “स गेला, श गेला. पाखरं गेली. आमच्या घरातलं घड्याळ चालतं की बंद, ते हात लावून बघतो. पण हे बाहेर गेलं तर बहिऱ्याच्या सहीला कोण विचारणार? म्हणून ठेवलं ड्रॉवरमध्ये.”

नवा अहवाल त्यांनी स्वतः लिहिला. शंभरचा खांब लाल रंगवला. मग शेवटी, सहीच्या वर, एक ओळ घातली: ‘सही करणाऱ्यास दोन हजारच्या वरचे सूर नीट ऐकू येत नाहीत. वरील सर्व आकडे यंत्राचे आहेत.’

मी म्हणाले, “अंकल, कशाला? कोणी विचारलंय का? सही मी करते.”

“तुझी सही तिकडे एकदा लागून गेलीय, बाय.” हे त्यांनी दुखवायला म्हटलं नव्हतं, पण लागलं. ते पुढे म्हणाले, “ती बाई सात महिने सांगतेय, मला येतं. तिला वेडी म्हटलं. मी इतकी वर्षं सांगत नाही, मला येत नाही, तर मला साहेब म्हणतात. हे बरोबर नाही.”

सोसायटीची सभा रविवारी सकाळी होती, खाली गाड्या लावायच्या जागेत, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून. कदम बाई पहिल्या रांगेत, शेजारी त्यांचा मुलगा हातातल्या मोबाइलकडे बघत. सावंतांनी अहवाल चाळला, आणि शेवटच्या ओळीवर त्यांचा चेहरा उजळला. ती त्यांनी मोठ्याने वाचली. दोनदा.

“म्हणजे हे गृहस्थ बहिरे आहेत,” ते म्हणाले. “आणि हे आपल्याला सांगणार, आवाज कुठे आहे ते. कमाल आहे ना?”

लोक हसले. मी उठायला लागले, अंकलनी मला हाताने खाली बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

“बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “वरचं गेलंय माझं. तुम्ही सावंत, पण मला तुम्ही मघापासून ‘आवंत’ ऐकू येताय.” आता लोक सावंतांना हसले. “पण शंभर माझा शाबूत आहे. बाईंचा पण आहे. तुमचा मला माहीत नाही. पाच जण वर चला. जाळीची चावी पण घ्या.”

बाईंच्या खोलीत पाच माणसं कशीबशी मावली. सावंत पलंगाच्या कडेला, मुलगा दारात, आणि एक शेजारीणबाई पदराने घाम टिपत. मीटर उशीवर. पडद्यावर शंभरचा खांब उभा. कुणाला काही ऐकू येत नव्हतं, तसं सगळ्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. आमच्याबरोबर आलेला गणेश बाहेर जिन्यात स्टॅबिलायझरच्या बटणाशी होता. अंकलनी मला खूण केली, मी त्याला हाक मारली, “बंद कर रे.”

खांब खाली बसला. आणि त्याच क्षणी खोलीत असं काहीतरी झालं की सगळ्यांनी माना वर केल्या. डोक्यावरून हात काढून घ्यावा तसं. आवाज चालू असताना कुणाला ऐकू आला नव्हता, तो थांबल्यावर सगळ्यांना ऐकू आला. शेजारीण म्हणाली, “अगं बाई.”

“हाच,” कदम बाई म्हणाल्या आणि पलंगावर बसल्या. त्यांचा मुलगा दारातून आत आला, आईच्या शेजारी बसला आणि त्याने मान खाली घातली. अंकल खिडकीतून बाहेर बघत होते. मला रडू आलं, पण मीटर हातात होता, म्हणून मी आवरलं.

पुढच्या आठवड्यात स्टॅबिलायझर भिंतीवरून काढून जमिनीवर ठेवला गेला, खाली रबराचे चार जाड तुकडे घालून. घर विकायचं राहिलं. नोटीस बोर्डावर नवा अहवाल लावा असा बाईंनी आग्रह धरला, आणि तो लागला, त्या शेवटच्या ओळीसकट. त्या ओळीमुळे आमची दोन-तीन गिऱ्हाइकं गेली, हेही खरं. अंकल दीड वर्षाने निवृत्त झाले. आता ते ऑफिस मी बघते. आमच्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी मोजणाऱ्याच्या कानांची नोंद असते. माझीही आहे. चार हजारवर एक खांब थोडा खचायला लागलाय, तो मी दर वर्षी लाल रंगवते.

मागच्या महिन्यात संध्याकाळच्या चहाला मी गावठाणात अंकलकडे गेले. त्यांनी कानाचं यंत्र घेतलंय, ते बाहेर जाताना लावतात. घरात त्यांना वेगळीच सवय आहे. दार उघडंच होतं. ओटीवर टेबलाशी ते बसले होते, समोर आमचा जुना मीटर, तीन भागांवर लावलेला, आणि हातात दुरेघी वही. त्यांच्या मागे, पाठीशी पाठ येईल अशा खुर्चीत, कदम बाई. ओठ बघायला मिळू नयेत म्हणून ही बैठक. महिन्यातून दोनदा त्या नाहूरहून येतात आणि अंकलना श्रुतलेखन घालतात, हे मला माहीत होतं, पण बघितलं नव्हतं.

“शेवग्याची शेंग,” बाई म्हणाल्या. पडद्याच्या उजव्या टोकाचे खांब दोनदा वर उडाले. अंकलनी ते बघितलं, थोडा विचार केला आणि लिहिलं.

“स आणि श अजून गोंधळ करतात,” बाई मला म्हणाल्या. “बाकी पोरगा बरा आहे.”

मी अजून बोलले नव्हते, पण माझ्या पावलांनी पडद्यावरचे डावीकडचे खांब हललेले त्यांना दिसले असणार. कारण मान न वळवता अंकल म्हणाले, “कोण, तू आलीस काय गो? ये. मला एक सांग, नाहूरला आपण गेलो त्याला वर्षं किती झाली?”

पाटी आता टेबलावर नव्हती. मी त्यांच्या मागे, बाईंच्या शेजारी उभी होते. मी सांगितलं, “सात.”

अगदी उजवीकडचे चार खांब क्षणभर उठले आणि पडले.

“सात,” अंकल म्हणाले. “आठ असता तर ते कोपऱ्यातले उठले नसते. साठ असेल तर मात्र तुझ्या वयावरून ठरवावं लागेल.” त्यांनी वहीत सात लिहिलं आणि वही डोक्यावरून मागे धरली. बाईंनी लाल पेन काढून त्याच्यापुढे बरोबरची खूण केली.